अक्रोडाखालची रांग

तिसरी घोंगडी टोमॅटोच्या रोपांवर टाकून आत आले आहे. हात धुतलेले नाहीत, त्यामुळे कागदाला माती लागली आहे. तेवढ्यावरून हा लेख बाद ठरवू नये. मी, लोंगिना गाव्रोन, फेलिक्सची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार ओल्शिनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं कमरेचं हाड मोडलं होतं, डोकं शाबूत आहे. मला हे कुणी लिहायला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर लिहिलं नसतं.

राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा लेशेक याला द्यावी. तो एकुलता एक आहे आणि वाईट नाही.

घरामागची भाजीची जमीन मात्र त्याला द्यायची नाही. तिची सरकारी नोंद घरापासून वेगळी आहे, म्हणून हे करता येतं. कारण नोंदवून ठेवते. जानेवारीत मी बर्फावर घसरले आणि मार्च संपेपर्यंत इस्पितळात होते. परत आले तर मागे बाग नव्हती. हिरवळ होती, गुंडाळ्या विकत आणून सतरंजीसारखी अंथरलेली.

"आई, आता तुला वाकायला नको," लेशेक म्हणाला.

"वाकून दमले असं मी तुझ्याकडे कधी बोलले?"

"डॉक्टर म्हणाले."

"आणि हिवाळ्यात खायला डॉक्टर घालणार आहे?"

त्यावर सूनबाई इवोना म्हणाली, "कोबी दुकानात मिळतो की, आई."

या वाक्याबद्दल आंबवलेल्या कोबीचं लाकडी पिंप, वर ठेवायच्या दगडासकट, मी इवोनाला देत आहे. फेलिक्सने ते तळघरातच जोडलं होतं आणि ते दारातून बाहेर निघत नाही. तिनेच खाली उतरावं.

त्या हिरवळीखाली माझा लसूण होता, थंडीआधी लावलेला. गाजराचे वाफे होते. आम्ही आलो तेव्हा तिथे पिवळी चिकणमाती होती, फावडं आत जात नसे. पाला, राख, सशांच्या खुराड्यातलं खत घालून घालून ती काळी झाली. ती माती आम्हाला मिळाली नाही, आम्ही केली. मुलाने तिच्यावर गालिचा घातला.

परत आले त्याच संध्याकाळी कुबडीवर उभी राहून मी खिडकीतल्या कुंड्यांत टोमॅटो पेरला. गेल्या रविवारी मी चर्चमधून येते तर लेशेकने कुंपणाच्या कडेची हिरवळ सोलून सगळी रोपं बाहेर लावलेली. तो त्याला माफी म्हणत होता.

"अरे, झोशा यायची आहे."

"कोण झोशा? फोनमध्ये आठवडाभर ऊन दाखवतंय."

झोशा म्हणजे पंधरा मे, संत झोफियाचा दिवस. थंडीची शेवटची झोड घेऊन ती येते आणि ती जाईपर्यंत इथे कुणी टोमॅटो बाहेर लावत नाही. याच घरात वाढलेल्या माणसाला हे विचारावं लागतं. रविवारीच तो क्राकोला परत गेला. आज आकाश निरभ्र आहे आणि वारा पडला आहे, म्हणजे रात्री गोठणार. घोंगड्या तीन, रांगा चार. चौथी अक्रोडाखाली आहे, ती उघडीच राहील. अक्रोडाखाली टोमॅटो धरत नाही हेही त्याला माहीत नाही.

तो अक्रोड शेजारी हिपोलित कुर्च याचा. त्याने तो मुद्दाम कुंपणाला चिकटवून लावला आणि तेव्हापासून माझी एक रांग सावलीने आणि मुळांनी खाल्ली. याबद्दल आम्ही आयुष्यभर भांडलो. मी त्याला माफ केलेलं नाही.

तरीही भाजीची जमीन, फेलिक्सचं फावडं, खुरपी, आणि शेपू, काकडी, बीट यांच्या बिया मी हिपोलितला देत आहे. हिरवळवाले आले तेव्हा गावात एकटा तोच त्यांच्या अंगावर ओरडला. ते ऐकेनात तेव्हा त्याने माझा रुबार्बचा, त्या आंबट देठांच्या भाजीचा, गड्डा खणून आपल्याकडे नेला. इस्पितळातून आल्यावर मला तो कुंपणापलीकडे दिसला.

"चोरलास ना?" मी विचारलं.

"चोरला. पाणीही घालतो. तुझ्या पोराला सांग, येऊन घेऊन जा म्हणावं."

"आधी तो अक्रोड पाड."

"तू मेलीस की पाडीन, बाई."

हे त्याचं वचन मी इथे नोंदवते. जमीन ताब्यात घेताच त्याने अक्रोड मुळासकट काढावा. हिरवळ सोलून, उलटी रचून कुजू द्यावी. तिची चांगली माती होते. तिचा दुसरा उपयोग नाही.

माझ्या थडग्यावर गवत लावू नये. कांदे लावल्यास हरकत नाही.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं. मजकूर त्यांना दाखवलेला नाही, कारण दानुता सगळ्या गावाचं टपाल वाटते.

सही: लोंगिना गाव्रोन
साक्षीदार: दानुता शेलाँग, टपालवाली
साक्षीदार: एउस्ताखी मिगा, निवृत्त रेल्वे कर्मचारी
ओल्शिनी, १४ मे २०१५

पुरवणी, १५ मे, सकाळ. रात्री दंव गोठलं. चौथ्या रांगेवर राखाडी घोंगडी होती. ती माझी नाही. चारही रांगा जगल्या. अक्रोडाची नवी पालवी काळी पडून लोंबते आहे. घोंगडी वाळली की मी ती कुंपणावर टाकीन. वरच्या मजकुरात बदल नाही. झाड पाडायचं आहे.

लों. गाव्रोन