फ्लोअरवर एक जोडी असेपर्यंत

हार्लेम, सोमवार सकाळ
१२ मार्च १९८४

आदरणीय रेव्हरंड रूफस टिस्डेल (म्हणजे दादा),

धाकट्या बहिणीचा, दोन्ही गुडघे शाबूत ठेवून केलेला नमस्कार. तुझा रक्तदाब, लुव्हेनियावहिनीचे दात आणि तुझ्या चर्चचं गळकं छप्पर, तिघांचीही प्रकृती कळव. मी ठणठणीत आहे. पत्र लिहायला खास असं काही कारण नाही. (हे आधीच लिहून ठेवते, कारण माझं पाकीट हातात पडलं की तू "हिला आता काय हवंय?" असं म्हणतोस. वहिनीनेच सांगितलंय मला.)

नाताळात तू पाठवलेलं छापील प्रवचन मिळालं. त्यात "साठी उलटल्यावरही ड्रमच्या ठेक्यावर पाय उचलणाऱ्या काही स्त्रिया" असा उल्लेख आहे. त्या काही स्त्रिया कोण, हे तुझ्या ऑरेंजबर्गच्या भाविकांना कळलं नसेल, पण इथे आपल्या गल्लीत झाडून सगळ्यांना कळलं, कारण मीच ते शनिवारी हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. मग आपल्या बँडच्या एझ्राने ड्रमवर काठी टेकवली आणि त्या सगळ्या काही स्त्रिया उठून नाचायला लागल्या. मी पण. तुला राग येणार असेल तर येऊ दे, मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मला आता कुणाच्या रागाची धास्ती वाटत नाही.

हॉल म्हणजे बाबांच्या बंधुमंडळाचाच, जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच करकरते. शनिवारी दुपारी दोन ते पाच बँड असतो. सोळाचे आता तेरा राहिलेत (तिघं वारले, त्यांच्या खुर्च्या आम्ही मांडतोच), पुढे टेनर सॅक्सोफोन घेऊन होझेया बॅटल. बाहेरचे लोक म्हणतात, आपलं हे नाचाचं संगीत, स्विंग, मेलं. युद्ध संपलं तेव्हा मेलं म्हणाले, गिटारवाली पोरं आली तेव्हा पुन्हा मेलं म्हणाले, आणि चकचकीत गोळ्याखाली नाचायची टूम निघाली तेव्हा तर मयताचं जेवणही जेवून मोकळे झाले. मला एवढंच कळतं की ट्रम्पेटवाले चौघं एकदम उभे राहिले की माझी टाच आपोआप सुटते. १९३८ साली सुटायची तशीच. मेलेल्या गोष्टीने असं होत नाही.

तर या सगळ्यात मंडळाला नवा सचिव मिळाला. ऑर्विल स्नीड, वय बत्तीस, शिकलेला, मासा काट्याचमच्याने खाणारा. (आमच्यात नाचणाऱ्या वेंडेल गेदरने त्याला पावातला तळलेला मासा दिला, तर याने पाव उघडून आधी आत बघितलं.) पोरगा वाईट नाही, त्याची आई आपल्याच चर्चची. पण त्याने फळ्यावर नोटीस लावली की तेरा वयस्कर माणसांना जिना चढायला लावणं धोक्याचं आहे, सबब बँड बंद, भिंतीवर दोन स्पीकर, त्यातून टेप. गाणी तीच, आणि चुका होणार नाहीत.

चुका होणार नाहीत म्हणे! दादा, जानेवारीत गिरकी घेताना माझा पाय सटकला. मी आडवीच व्हायची, पण एझ्रा पूल ड्रमवरून माझ्या पायांकडेच बघत होता (चाळीस वर्षं तो दुसरं काही बघत नाही, त्याची बायको म्हणते तेही बरंच आहे). त्याने माझ्या घसरण्यावर असा दणका दिला आणि मागून ट्रॉम्बोनवाल्यांनी असा सूर ओढला, की लोकांना वाटलं मी मुद्दाम घसरले. टाळ्या पडल्या. आता वेंडेल मला तोच पाय शिकव म्हणून मागे लागलाय. टेपला डोळे असतात का? टेप काय, समोर कुणी पडून मेलं तरी पुढचं गाणं लावेल. बँड आपल्यासाठी वाजतो आणि आपण बँडसाठी नाचतो, यात तिसऱ्याचं काही काम नाही.

परवाच्या शनिवारी साडेतीनला स्नीड स्वतः आला, नोटीस वाचून दाखवायला. बँड जोरात होता. तर लोकांचं लक्ष वेधायला याने बँडसमोर उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि दादा, त्या टाळ्या चार ठोक्यांतल्या एकवर आणि तीनवर! आपल्याकडे रांगतं मूलसुद्धा दोनवर आणि चारवर वाजवतं. याला कुठल्या कॉलेजात हे शिकवलं देव जाणे. होझेया डोळे मिटून वाजवत होता, त्याला वाटलं जिन्यावरून कुणीतरी गडगडत येतंय. मला खरंच दया आली. मी जाऊन त्याचे हात धरले, निव्वळ सुधारण्यासाठी. आणि हात धरलेच आहेत तर पाऊल पडलंच.

वेंडेलने हे बघितलं, मला डोळा मारला आणि आपल्या जोडीदारणीला घेऊन खाली बसला. मग सगळेच एकेक करून बसले. फ्लोअरवर जोडी उरली एकच, माझी आणि सचिवाची. आणि आपल्या हॉलचा नियम तुला माहीत आहे (तुला नाही तर कुणाला?): फ्लोअरवर एक जरी जोडी नाचत असली तरी बँड वाद्य खाली ठेवणार नाही. होझेयाने एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं गाणं काढलं. स्नीड घामाघूम झाला.

"मिस व्हर्नेल, हात सोडा ना."

"सोडते. आधी दोनवर ये."

चाळीस मिनिटं लागली. मधे एकदा त्याचे खांदे सैल सुटले, पाऊल बरोब्बर दोनवर पडलं, आणि तो मनापासून हसला. मग आपण हसलो हे लक्षात आल्यावर जो चिडला! मी हात सोडला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, असला काही नियम अस्तित्वात नाही, असेल तर लेखी दाखवा. मी कपाटातून १९३९ची इतिवृत्ताची वही काढली. पान आहे. नियम आहे. बँड म्हणजे हाडामांसाची माणसं, असंही त्यात लिहिलंय. खाली सही म्हणून नुसतं "आर. टी., नाचाचा कारभारी." स्नीड म्हणाला, हे आर. टी. कोण? कुणीही खरडलं असेल. मंडळाच्या बैठकीत हे सिद्ध झालं तर नियम राहील, नाहीतर एप्रिलपासून टेप.

हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते अक्षर ओळखू येतं. कुणी तोंड उघडलं नाही. तुझं तिकडे नाव आहे, चर्च आहे, छापील प्रवचनं आहेत. मी पण गप्प बसले, आणि गप्प बसताना मला किती त्रास होतो ते तू जाणतोस. असो. हे सगळं तुला करमणूक म्हणून कळवलं. आमचं आम्ही बघून घेऊ. टेप लावलीच तर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसेन आणि पाच वाजेपर्यंत एकवर आणि तीनवर टाळ्या वाजवीन.

तुझी,
व्हर्नेल

ता. क. : बैठक शनिवारी, ३१ मार्चला, दुपारी दोन वाजता आहे. तुझ्याकडून शुक्रवारी निघणारी बस सकाळी इथे पोचते. तू पाद्र्याची कॉलर घालूनच ये. नुसतं उभं राहून "आर. टी. म्हणजे मी" एवढे शब्द म्हणायचे. नाचायला कुणी सांगणार नाही.

पुन्हा ता. क. : नाचायला कुणी सांगणार नाही हे खोटं आहे. तू चर्चची दीक्षा घेतलीस तेव्हा तुझे ते पांढरे-तपकिरी बूट आईकडे जाळायला दिले होतेस. आईने इमारतीच्या भट्टीत टाकले ते बाबांचे जुने. तुझे माझ्या पलंगाखाली आहेत, अडतीस वर्षं दर ईस्टरला पॉलिश करते.

शेवटचं : तुझ्या बुटाचा नंबर अजून अकराच आहे ना, हे मी काल वहिनीला फोन करून विचारलं. अकराच आहे म्हणाली. शिवाय असंही सांगितलं, की घरात कुणी नाही असं वाटलं की तू भांडी विसळताना ओट्यावर बोटांनी ठेका धरतोस, आणि तो दोनवर आणि चारवर असतो. हे पत्र पोचेपर्यंत तुम्हा दोघांची बसची तिकिटं तिने काढून ठेवलेली असतील.