निंगव्वा काय म्हणाली

९ जानेवारी १९६८, मंगळवार
दवाखान्यातून बोलावणं आलं. रेल्वेच्या कामावर खडी फोडणारी टोळी आलीय, गुलबर्ग्याकडची. त्यातली एक बाई आजारी आणि तिचं बोलणं कर्जतात कोणाला कळेना. माझं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी येतं, म्हणून मी. जाताना ठेवणीतलं लुगडं नेसले — उगाच!

बाईचं नाव निंगव्वा. माझ्याच वयाची. कानडी ऐकल्यावर तिनं माझा हातच धरला. सगळं भडाभडा सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय?

"पोटात दुखतं म्हणते," मी म्हणाले.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, पुड्या दिल्या. टोळीचा मुकादम वाल्मिक, इकडचाच, दारात उभा होता. त्याच्यादेखत तसलं कसं सांगणार?

१० जानेवारी
भाकरी दोनदा करपली.

११ जानेवारी
परवा खोटं लिहिलं. वाल्मिक तंबाखू थुंकायला बाहेर गेला होता. आत डॉक्टर, ती आणि मी, एवढेच.

ती म्हणाली होती — अंग बाहेर येतं. खडीची पाटी डोक्यावर घेतली की येतं. हातानं आत सारते आणि पुन्हा पाटी घेते.

मला शब्द ठाऊक नव्हता असं नाही. तोंडातून निघाला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
बायका हळदीकुंकवाला आल्या. गोड बोला, गोड बोला. दवाखान्यात कानडी बोलले म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मी तीळगूळ वाटत राहिले.

१८ जानेवारी
धीर करून खडीच्या कामावर गेले. पालं उठलेली. चुलीचे दगड तेवढे राहिलेत. टोळी ठाकुरवाडीला गेली म्हणे, घाटात.

तिथनं थेट नर्स सुंदराबाईंकडे. पुरुष नाही, तरी खाली बघूनच सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. "त्या दिशी का नाय सांगितलं, वैनी?" मग म्हणाल्या, गर्भाशयाला आधार द्यायला आत बसवायची रिंग असते, ती बसवली तर बाईला नीट चालता-फिरता येईल. अशीच राहिली तर घासून जखम होते, ताप भरतो.

हे म्हणाले, तू कशाला त्यांच्या मागे फिरतेस? काय सांगू यांना!

२४ जानेवारी, बुधवार
ठाकुरवाडीला जाऊन आले. सुंदराबाई सोबत होत्या. निंगव्वा पालात पडलेली. अंगात ताप. जखम झालीच होती. उशाशी पोटाच्या पुड्या, निम्म्या संपलेल्या. तिनं त्या नेमानं घेतल्या!

मी कानडीत म्हणाले, माझं चुकलं, तुझं बोलणं मी सांगितलंच नाही. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. इकडे यायला लागून वर्षं झाली, पोट म्हणजे काय एवढं मराठी कळतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू लाजलीस. तुला एवढी लाज वाटली, तर मला वाटलं, हे सांगण्यासारखं नसेलच."

कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत बसले.

वाल्मिक वाईट नाही. म्हणाला, बाया आमाला कशाला सांगतील. सुंदराबाईंनी ठणकावल्यावर त्यानं खडीच्या गाडीतून तिला कर्जतला पोचवायचं कबूल केलं.

२५ जानेवारी
निंगव्वाला दवाखान्यात ठेवून घेतलं. जखम भरली की रिंग.

डॉक्टरांशी आज बोलले. सगळं. शब्द न गाळता. ते रागावले नाहीत — रागावले असते तर बरं झालं असतं. मी मागितलं की एक दुपार फक्त बायकांची ठेवा. आत सुंदराबाई, मुकादम फाटकाबाहेर, कानडीला मी. ते म्हणाले, गुरुवार घ्या.

१ फेब्रुवारी, गुरुवार
टोळीतल्या बाया आल्या. एकेकीचं जसंच्या तसं सांगितलं. निंगव्वा खाटेवरून ऐकत होती. शेवटची गेली तशी सुंदराबाईंनी हात धुतले, विचारलं, अजून कोण राहिलंय?

मी दार लावून घेतलं. म्हणाले, "मी. धाकटा झाल्यापासून माझंही अंग बाहेर येतं."