घरटी एक माणूस

९ एप्रिल १९८९, रविवार

पहिला नंबर! हॉलंड जिंकलं!

दुसरा जपानला – कष्टाळूपणा. तिसरा सिंगापूरला – थुंकलं की दंड. विषय होता ‘परदेशातील कोणते धोरण भारताने स्वीकारावे?’ पनवेलच्या वकील-डॉक्टरांची मुलं स्पर्धेत होती, आणि नंबर आला खाडीकाठच्या आगरी पोरीचा. वाचनालयाचे कार्यवाह कृष्णकांतराव बक्षीस देताना माइकवर म्हणाले, “सुमती आमच्याच वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते हं, पण निकालात वशिला नाही!” सगळे हसले. मीही हसले. एसटीत बसल्यावर वाटलं, मी हसायला नको होतं.

बक्षीस – फुलदाणी, प्लास्टिकच्या फुलांसकट. आय विचारते, “याला पानी घालाचं का?”

१० एप्रिल

निबंधाचा मुद्दा इथे लिहून ठेवते. पुढे कधी आमदारबिमदार झाले तर उपयोगी पडेल!

हॉलंडचा कितीतरी भाग समुद्राच्या पातळीखाली. आमच्या खारीसारखाच, खाडी अडवून केलेल्या शेतांसारखा. पण तिथे प्रत्येक भागाचं स्वतंत्र पाणी-मंडळ आहे. निवडून दिलेलं. बांध राखायचा खर्च सगळ्यांवर, श्रीमंत-गरीब कुणी सुटत नाही. इंजिनिअर येऊन बांध तपासतात. आमच्याकडे बांधाला खांड पडली, खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं, की साहेब जीपमधून येतो आणि बुटाला चिखल लागू नये म्हणून जीपमधूनच बघतो. उरतो तो गावकीचा जुना नियम – बांधाच्या कामाला घरटी एक माणूस. तोही नावालाच. अर्ध्या घरांतले पुरुष कारखान्यात नाहीतर गोदीत. बांधावर येत नाहीत, पण दुसऱ्यांनी राखलेल्या बांधाआड भात मात्र त्यांचंही पिकतं.

मला याचीच चीड आहे. फुकटेपणाची.

शेवटी एक जुनी डच चाल घातली, ज्ञानकोशात मिळालेली. पूर्वी तिथे ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं जमत नसे, तो त्या बांधावर फावडं रोवून निघून जाई. ते फावडं जो उपटील त्याची जमीन, आणि बांधही त्याचाच. नुसती शोभेला घातली होती. कृष्णकांतरावांनी तेवढीच मोठ्यानं वाचून दाखवली.

१६ एप्रिल

कमलाकरदादा घरी आला! गावकीचा मुख्य, माझ्या बाला कधी स्वतःहून रामराम करत नाही, तो आमच्या ओटीवर बसून चहा प्यायला.

“काशीराम, तुझी पोर मोठी झाली रं. पुनवेला देवलात गावकी बसते, तवा तिला निबंध वाचू दे. आमाला पन कलू दे हॉलंड.”

आजवर गावकीत बाई बोललेली नाही. रात्री बा आयला म्हणत होता, “गोदू, तिचं पातळ इस्त्री करून आन पनवेलवरनं.”

२२ एप्रिल

काल वाचला.

पाणी-मंडळाला जांभया. निवडणुकीला जांभया. इंजिनिअर म्हटल्यावर कुणीतरी मागून, “त्याला पनवेलच्या खानावलीत बघ,” आणि खीखी. मग फावड्याचा परिच्छेद आला. कमलाकरदादा म्हणाला, “थांब. परत वाच ते.”

परत वाचलं. मोठ्यानं. हातवारे करून.

“ऐकलंव? गोऱ्यांच्या मुलखातला कायदा हाय. यंदापासनं आपला पन. ज्या घरचा मानूस बांधावर नाय, त्याच्या वाट्याला फावडं!”

टाळ्या! खारीतली शेतं कुणाच्याच सात-बारावर नाहीत, गावकीच्या तोंडी वहिवाटीवर चालतात. म्हणजे गावकी म्हणेल ते खरं. म्हणजे हा कायदा आज, इथे, लागू! दिल्लीला जमलं नसतं ते आमच्या देवळात झालं.

मग कुणीतरी म्हणालं, “पन ठमाबायचं काय?”

ठमाकाकी आमची शेजारीण. विधवा, मुलगा नाही. तिच्या वाट्याचा बांध शेजारच्या वाट्यांवरचे पुरुष – एका बाजूला बा – आपला करता करता उरकून टाकायचे. वर्षानुवर्षं. कुणी बोलायचं नाही.

कमलाकरदादानं माझ्याकडे बघितलं. “काय गो सुमती, तुझ्या हॉलंडात रांडमुंड बायला सूट हाय?”

माझ्या डोळ्यांपुढे त्याचे दोन भाऊ होते. दोघं गोदीत, बांधावर कधी न येणारे. एकाला सूट दिली की ते दोघं पहिले सुटणार. म्हणून ताठ उभी राहून म्हणाले, “नाही. कायद्यापुढे सगळे सारखे.”

पुन्हा टाळ्या. ठमाकाकी देवळाबाहेर बायकांत बसली होती.

२३ एप्रिल

विहिरीवर ठमाकाकीनं हाक मारली नाही.

३० एप्रिल

तिच्याकडे जाऊन आले. मीच तोडगा काढला – आणि किती साधा आहे!

“काकी, घरटी एक माणूस म्हणालेत. पुरुष म्हणाले नाहीत. तू माणूस नाहीस? तूच जा.”

ती हसली. आमच्याकडे बायका चिखलाची घमेली वाहतात, पण बांधाच्या पायथ्यापर्यंतच. वर पाय ठेवायचा नाही, फावड्याला हात लावायचा नाही. खाडी खवळते म्हणे.

“खाडीला काय कळतं, बाई आहे की पुरुष?”

“खाडीला नाय गो कलत. बाप्यांना कलतं.”

मी तासभर समजावलं. रशियात बायका ट्रॅक्टर चालवतात, इंग्लंडची पंतप्रधान बाई आहे. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तू शिकलेली. तू बोलतेस तर जाते. पन तू येशील ना सोबत?”

“येईन म्हणजे काय!”

तिनं माळ्यावरून नवऱ्याचं फावडं काढलं. दांडा वाळवीनं खाल्लेला. मी पनवेलहून नवा दांडा आणणार आहे.

५ मे

अमावास्या. काल बांधाचं काम होतं.

ती गेली. वर चढली. लुगडं खोचलेलं, फावडं खांद्यावर. मी पायथ्याशी उभी. तिनं पहिला घाव घातला, चिखलाचा चांगला मोठा गोळा निघाला, आणि मी टाळी वाजवली. एकटीनंच.

कमलाकरदादानं आपलं फावडं खाली टाकलं. त्याच्या बाजूच्यानं टाकलं. मग एकेक करत सगळ्यांनी. दुरुस्तीसाठी अर्धा बांध कापून ठेवलेला, वरची माती भरायची बाकी, आणि सगळे पुरुष रांगेनं खाली उतरून गावाकडे चालू लागले.

मी ओरडत होते. “घटनेत समान हक्क आहेत! भरतीला पाणी आत येईल!” एक पोरगा वळून म्हणाला, “मंग तू भर. बी.ए. हायस ना!”

बासुद्धा. फावडं टाकून. माझ्या शेजारून गेला तेव्हा जमिनीकडे बघत होता.

ठमाकाकी संध्याकाळपर्यंत एकटी माती भरत राहिली. मी घमेली दिली. वर नाही चढले. का नाही चढले?

६ मे

उधाणाच्या भरतीनं खांड पाडली. कापलेल्या ठिकाणीच, कमलाकरदादाच्या भावांच्या वाट्यात. ठमाकाकीचा वाटा जसाच्या तसा उभा आहे. खालच्या सगळ्या शेतांत खारं पाणी.

बायका तिच्या दारावरून जाताना थुंकतात.

१० मे

गावकी बसली. मला बोलावलं नाही. देवळाच्या भिंतीला टेकून ऐकलं.

मानूस दिला नाय हा एक गुन्हा. बाय बांधावर चढली, खांड पडली हा दुसरा. गोदीतल्या दोघा भावांचं नाव कुणी काढलं नाही. मी आत शिरले. म्हटलं, खांड तिच्यामुळे नाही पडली, तुम्ही काम टाकून गेलात म्हणून पडली. आणि फावड्याची चाल हॉलंडात कधीच बंद झाली, जमत नसे तो आपणहून फावडं रोवायचा, दुसऱ्याचं कुणी रोवत नसे, आणि माझा मुद्दा पाणी-मंडळाचा –

कमलाकरदादा शांतपणे म्हणाला, “सूट नाय म्हनून तूच बोललीस. आमी लिहून नाय घेतलं, पन सगल्यांनी ऐकलंय.”

मग वाजतगाजत गेले. तिच्याच नवऱ्याचं फावडं तिच्या वाट्याच्या बांधावर रोवलं. नवा दांडा लांबूनही चमकतो. पोरं ओरडत होती, “ठमी गेली हॉलंडला! ठमी गेली हॉलंडला!”

१५ मे

तहसील कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “सात-बारा?” नाही. “मग बाई, जमीनच नाही. गेली कुठून?”

दुपारी कृष्णकांतरावांना सांगितलं. सगळं. ते खुर्चीत मागे रेलले.

“वा! म्हणजे तुमच्या निबंधाची अंमलबजावणीच झाली की!” आणि पुस्तक बदलायला आलेल्या एका बाईंना हाक मारून, “अहो, ऐका, ऐका, या सुमतीच्या गावची गंमत –”

मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं.

२८ मे

खांड बुजवून झाली, पण फावडं तसंच आहे. एवढे दिवस झाले, कुणी हात लावला नाही. गावाला थोडी तरी लाज आहे तर! जो उपटील त्याचं नाव सगळ्यांना कळेल, म्हणून धजत नाहीत. हीच माझी आशा. पावसापर्यंत कुणी नाही उपटलं तर गावकीला शेत परत द्यावंच लागेल, खार पडीक ठेवून कुणाला परवडत नाही. हे मी ठमाकाकीला सांगून आले.

ती म्हणाली, “आमच्यात असल्या मातीला हात लावला तर पाप लागतं. हॉलंडात नाय लागत?”

मी म्हटलं, तिथेही लागत असेल.

तिनं बियाण्याचं भात उन्हात घातलंय. पेरणीसाठी! माझ्या शब्दावर.

४ जून, रविवार

फावडं नाही!

सकाळी विहिरीवर बायकांनी मला वाट करून दिली. मग एक म्हणाली, “सुमती, नशीब काढलंस बाय.” दुसरी, “शिकलेल्या पोरीचा बाप वेगलाच असतो.” मला अर्थ कळेना. कळेना म्हणजे काय – कळला होता. घरी पळत आले.

बा ओटीवर बसून फावडं धूत होता. नव्या दांड्याला तेल लावत होता.

“बा, हे तू?”

“कमलाकर आज उपटनार होता. आपल्याच बांधाला लागून हाय, मी पहाटं गेलो.”

“मग उपटलंस ते तिला परत दे!”

“परत दिलं तर उद्या तो उपटंल. त्याच्यापरीस आपल्याकडं बरं.”

“तू तिचा बांध करत होतास! इतकी वर्षं!”

“व्हय. फुकट.” तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. “फुकटेपना तुला आवडत नाय, असं वाचलंस ना देवलात?”

आय आतून म्हणाली, “आता पुरे. तिला भूक लागली असंल.”

पलीकडे ठमाकाकी उन्हातलं भात पोत्यात परत भरत होती. आमचं सगळं बोलणं तिला ऐकू जात होतं. दोन घरांमध्ये नुसता कूड आहे.

५ जून

जेवले नाही.

६ जून

जेवले.

११ जून

घर सोडून पनवेलला खोली घ्यायचं ठरवलं. मग हिशेब केला आणि नाही ठरवलं.

२० जून

बानं विचारलं, “ते मास्तरनीचं शिक्षन, काय म्हन्तात ते?” बी.एड. “अर्ज पाठव. आता जमंल.”

आय माझ्याकडे बघत होती, बा बघत होता. कितीतरी दिवसांनी घरात सगळे एकमेकांकडे बघत होते. मी म्हटलं, शिक्षक झाले तर मुलांना तरी नीट शिकवता येईल, समता म्हणजे काय, कायदा म्हणजे काय. ते म्हणताना खरंच वाटत होतं. उद्या अर्ज आणते.

२ जुलै

ठमाकाकी अंगणातून जाते तेव्हा मी आत जाते.

१६ जुलै, रविवार

आमच्या नव्या शेतात लावणी. वाचनालयाला सुट्टी, म्हणून मीही गेले. हात कमी पडत होते. आयनं ठमाकाकीला मजुरीवर सांगितलं होतं. ती आली. दिवसभर वाकून होती. संध्याकाळी बानं सगळ्यांदेखत, तिच्याही देखत, मला विचारलं, “हिला उद्या सांगू का नको?”

मी म्हटलं, “सांग. हात चांगला आहे तिचा.”