न चिडणाऱ्यांची रांग

प्रिय ठमे,

आई फोनवर तासभर बडबडते, मग पत्र कशाला, म्हणून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. फोनवर तू मला बोलण्यात हरवतेस. कागदावर तरी मध्येच तोडता येणार नाही.

मी करतेय त्या माणसाच्या दुष्टपणावरच्या पुस्तकाच्या भाषांतराचं घोडं शेवटच्या प्रकरणाशी अडलंय. लेखकबुवांचं म्हणणं सरळ आहे. जनावर पोट भरलं की थांबतं. माणूस थांबत नाही, कारण त्याला पुढचं दिसतं आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं. दुष्टपणा अडाणीपणातून नाही, या ओळखण्यातूनच येतो. वाक्यं झाली भराभर, पण आपल्या भाषेत ती कुणाला लागेनात. उदाहरणं सगळी राजांची आणि सेनापतींची. वाचक म्हणेल, बरं झालं, मी सेनापती नाही. परकं वाटलं तर तुमच्या घरातलं उदाहरण घाला, अशी परवानगी लेखकानंच दिली आहे. घरातलं, असंच लिहिलंय मेल्यानं.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. दूध उतू जातं, किल्ल्या हरवतात.

मागच्या खेपेला जेवताना तू कंपनीत बसवलेली तुझी नवी पद्धत समजावलीस. तक्रारीचा फोन करणारा चिडका असेल तर त्याला लगेच बोलायला माणूस मिळतो. जो गुमान वाट पाहून फोन ठेवून देईल, तो मागे. आवाजावरून आणि आधीच्या फोनांवरून कोण कसा ते ओळखता येतं, म्हणालीस. कमी माणसांत काम भागलं, तुला बढती मिळाली, बाबांची छाती फुगली. तू वाईट नाहीस गं. लहानपणी कुत्र्याचं पिल्लू लंगडताना दिसलं तरी तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण तुझ्या संगणकाच्या पडद्यावर कुणी लंगडत नाही.

मावशीचं श्वासाचं यंत्र तुमच्याच कंपनीचं. भाची तिथं आहे म्हणून तिनं हट्टानं तेच घेतलं. पंधरवडाभर ते मध्येच बंद पडत होतं. ती रोज फोन लावायची, तुमचं संगीत ऐकत बसायची, धाप लागली की ठेवून द्यायची. मी रागावले तर म्हणाली, "अगं, माझ्यापेक्षा अडलेले लोक असतील त्यांच्याकडे." शेवटी मीच फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. लगेच माणूस बोलला, संध्याकाळी दुरुस्तीवाला हजर. मावशी कौतुकानं म्हणाली, भाचीची कंपनी किती चांगली! मला तिच्याकडे बघवेना. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखी भांडकुदळ बहीण नाही, ते अजून संगीतच ऐकत असतील.

त्या रात्री मी उदाहरण लिहिलं. तुझं नाव नाही, पण तुला कळेल. बाबा म्हणतात, पोटच्या पोरीला छापतेस? म्हणून हे पत्र. प्रकाशक सोमवारपर्यंत थांबले आहेत. रविवारी ये. मावशीसमोर बस आणि तुझी पद्धत तिला समजेल अशा शब्दांत सांग, आम्हाला सांगितलीस तशीच, हसत. तुझी जीभ अडखळली नाही, तर मी चुकले असं समजून उदाहरण काढून टाकीन. अडखळली, तर उदाहरण राहील, आणि तू सोमवारी कामावर जाऊन आधी ती रांग मोड.

तुझीच, तुझ्यावर जीव आहे म्हणूनच घाबरलेली,
आई