सायलीच्या लग्नाआधी डोकं ताळ्यावर आणण्याचे उपाय

छत्रपती संभाजीनगर,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप दादा यांच्या सेवेशी,

धाकट्या व्यंकटचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, कंबरेमुळं सध्या पाचच अंगं टेकतात). आपली आणि वहिनींची प्रकृती ठणठणीत असणार, सोयगावात आजारी पडायला तुम्हाला सवड कुठं आहे! एकोणऐंशीव्या वर्षी तुम्ही पंचांग न उघडता तिथी सांगता, आणि मी सत्तरीत पंचांग उघडून, चष्मा लावून, आज वार कोणता ते यमुनेला विचारतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही निम्मं ऐकता, "व्हय, व्हय" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून पत्र. केवळ तुमच्या आरोग्याच्या काळजीनं लिहितोय, माझं स्वतःचं काडीचंही काम नाही.

दसऱ्याला बिडकीनला काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल, आणि आलं असेल ते तिखटमीठ लावूनच आलं असेल. खरं ते असं. सत्यम नावाचा एक होतकरू मुलगा, त्यानं बिडकीनला नटबोल्टाचा कारखाना काढलाय, त्या शेडची वास्तुशांत माझ्याकडं होती. आता त्याआधीचा पितृपंधरवडा ध्यानात घ्या. शहरात श्राद्धाला गुरुजी मिळेनात, दिवसाला चार-चार घरं, पहाटे उठायचं आणि पिंड, तीळ, दर्भ, पुन्हा पिंड. पंधरा दिवसांत जिभेला एकच वाट पडली. सत्यम पाटावर बसला, अंगात खास त्या दिवसासाठी आणलेलं कोरं जानवं. गणपतीपूजन झालं, पुण्याहवाचन झालं, सगळं सुरळीत. आणि नांदीश्राद्धाशी आलो तसं माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "अपसव्य करा." (तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र वहिनी वाचून दाखवणार म्हणून लिहितो की जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं ते मेलेल्या माणसांसाठी, शुभकार्यात ते डावीकडचं हलवायचं नसतं.) पोरगा आज्ञाधारक, त्यानं मुकाट्यानं जानवं उजवीकडं घेतलं. मीही त्याच तंद्रीत वडिलांचं नाव विचारलं. त्याचे वडील तिथंच खुर्चीवर पेढा खात बसलेले. त्यांनी पेढा खाली ठेवून स्वतःच्या छातीवर हात लावून पाहिला. आई वच्छलाबाई तर ताडकन उठल्या, "अवो गुरुजी, गेलं कोन? आमचे तर समदे हितंच बसलेत!" दादा, मी घामानं चिंब झालो. जानवं सरळ करवलं, विष्णुस्मरण केलं, पूजा पहिल्यापासून केली, मंत्र जरा जास्तच म्हटले. पण परत निघताना लोक माझ्याकडं, आजारी माणसाला भेटून निघावं, तसे बघत होते.

तेव्हापासून आमच्या हिमांशूनं माझ्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली आहे. बापाशी हळू बोलणारा मुलगा म्हणजे काहीतरी शिजतंय हे मी ओळखलं. सायलीचं लग्न मार्गशीर्ष शुद्ध दशमीला. ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलंय की तिचं लग्न तिचा आजोबाच लावणार. आणि आमचे चिरंजीव गच्चीवर जाऊन मोबाइलवरून पुण्याचा कुणी गुरुजी बोलावताहेत! मोबाइलवर म्हणे गुरुजींना चांदण्या असतात, पाचपैकी किती. सायलीला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, "आजोबा नसतील तर मी सरळ नोंदणी कार्यालयात जाऊन सही करते, मांडव घालूच नका." पोरगी आपल्या वळणाची आहे. पण दादा, तिनं एवढा विश्वास टाकल्यावर नुसतं बसून चालणार नव्हतं. म्हणून ठरवलं, महिनाभरात डोकं ताळ्यावर आणायचं.

योगायोगानं जालना रोडच्या एका मंगल कार्यालयात ज्येष्ठांसाठी मोफत व्याख्यान होतं. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ (डॉक्टर नव्हते, कोट होता) दीड तास बोलले. त्यांचं म्हणणं असं की आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी, प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या भट्ट्या, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, आणि साठीनंतर या भट्ट्या विझू लागतात. मग हातापायात जोर राहत नाही आणि डोक्यात धूर होतो. मला हे तंतोतंत पटलं. अग्निहोत्राचा अग्नी सांभाळणाऱ्या घराण्यातली माणसं आपण, भट्टी विझणं म्हणजे काय हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. त्यांच्याकडच्या 'पेशीबल' चूर्णाचे दोन मोठे डबे घेऊन आलो. सकाळी दोन चमचे कोमट दुधातून. पहिल्या दिवशी खूप हुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी खूप वात झाला.

चूर्णासोबत मेंदूला व्यायामही सांगितला होता. रोजची कामं डाव्या हातानं करायची, म्हणजे मेंदूची झोपलेली बाजू जागी होते. दात घासले, जमलं. शर्टाची बटणं लावली, अर्धा तास गेला पण जमलं. तिसऱ्या दिवशी मी देवाची आरती डाव्या हातानं ओवाळायला घेतली आणि यमुनेनं तबक ओढून घेतलं. (सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या हातातलं तबक ओढलेलं हे पहिलंच.) "मेंदूची बाजू जागी करायची ती करा, देवाला कशाला जागं करता? तो काय म्हणेल, याचा उजवा मोडला का?" एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली, आणि दोन दिवस मला जेवायला वाढलं ते तिनंही डाव्या हातानं. भाताचा डोंगर पानात कमी आणि मांडीवर जास्त.

दुसरा व्यायाम उलटं चालण्याचा. पाठमोरं चाललं की मेंदूला सावध राहावं लागतं म्हणे. सकाळी हर्सूल तलावाकडं गेलो आणि पाठमोरा निघालो. हवा छान, डोकं हलकं, मी मनातल्या मनात मंगलाष्टकं घोकत चाललोय, समोरचा तलाव लांब लांब जातोय, मेंदूची सावधगिरी तेवढी कुठं दिसेना. किती चाललो कळलं नाही. पाठ लोखंडाला लागली तेव्हा थांबलो. ते हर्सूलच्या कारागृहाचं फाटक होतं! पहाऱ्यावरच्या शिपायानं पाहिलं तर एक म्हातारा फाटकाला पाठ लावून, तोंड बाहेर करून उभा, पुटपुटतोय. त्याला वाटलं मी आतून निघालोय. "बाबा, सुटकेचा कागद दाखवा." मी म्हटलं, "मी आत नव्हतोच." तो म्हणाला, "समदे असंच म्हणतेत." नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि ऐन वेळी मला घराचा नंबर आठवेना. शेवटी हिमांशूला यावं लागलं. स्कूटरवरून येताना तो दर खड्ड्याला हळूच म्हणत होता, "बाबा, नीट धरा." ते मला फार लागलं, दादा. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी निजामुद्दीनचं औषधाचं दुकान आहे. चाळीस वर्षांची ओळख, आमच्या घरच्या तापाच्या गोळ्यांपासून पोरांच्या ग्राइपवॉटरपर्यंत सगळं त्याच्याकडचं. त्याला डबा दाखवला. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "गुरुजी, इसमें भुने चने का आटा है, शक्कर है, और थोडी इलायची है. भाभी से बोलो लड्डू बांधो." वर मला समजावू लागला, "पंधरा दिन तुम चार घंटे सोए, गुरुजी. मशीन भी गरम होती. रात कू सोव, खून की जांच करा लेव, बस." मी म्हटलं, तुला पेशीतल्या भट्ट्यांचं काय कळतंय, नुसत्या गोळ्या मोजतोस. तो हसला आणि मला चहा पाजला. माणूस चांगला आहे, पण अभ्यास कमी. तरी रक्ताची तपासणी करून आलोय. डॉक्टर म्हणाले, बी-बारा थोडं कमी, बाकी वयाच्या मानानं उत्तम. हे "वयाच्या मानानं" ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो.

तेव्हा दादा, तुम्हीही आता वयाच्या त्या टप्प्यावर आहात, गाफील राहू नका. पेशीबलचा एक डबा एसटीनं पाठवतो, नेमानं घ्या. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लग्नाचं आमंत्रण रीतसर येईलच.

आपला आज्ञाधारक,
व्यंकट

ता. क. : डबा पाठवत नाही. यमुनेनं काल त्याचं पिठलं केलं. गोड झालं. तिनं वरून मिरचीची फोडणी दिली आणि मला दोनदा वाढलं, तेही उजव्या हातानं.

ता. क. दोन : माझं काडीचंही काम नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. बिडकीनची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सत्यमला वडिलांचं नाव विचारलं, पण त्याच्या उत्तराला मी थांबलोच नाही. वडील म्हणून मीच आपल्या तात्यांचं नाव घेतलं, आपल्या गोत्रासकट. बोलून झाल्यावर क्षणभर बरं वाटलं, आणि मग काय बोललो ते कळलं. सायलीच्या समोर उभा राहून माझ्या तोंडून भलतंच काही निघालं तर? दादा, मला भीती वाटते. मी सोळाव्या वर्षी सोयगावात पहिलं लग्न लावलं तेव्हा तुम्ही माझ्या मागं बसला होतात, आणि चुकायला लागलो की उपरण्याखालून कंबरेला चिमटा काढायचात. त्या दिवशी अकरा चिमटे बसले, आणि एक अक्षर चुकलं नाही. दशमीला तुम्ही आमंत्रणाच्या पाहुण्यांसारखे पहिल्या रांगेत बसू नका. माझ्या मागं बसा.

ता. क. तीन : येताना नखं कापू नका.