ताकुरोच्या गाडीचा धूर

ओकायामा, ३ ऑक्टोबर २०१९

ती. बाबांना मियोकोचा शि. सा. न. वि. वि.

कळवायला जिवावर येतंय, पण ताकुरोदादाने मूळ भाग बदलून स्वतः बांधलेली गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड एक टक्का चालतो, निघाला अडीच. त्याच्या वर्षश्राद्धाला मी तुम्हाला शब्द दिला होता, की महिनाअखेर परवाना संपायच्या आत गाडी आहे तशी पास झाली नाही, तर भंगारात घालीन.

रांगेतला एकजण म्हणाला, ताई, कंपनीचं मूळ सामान चढवा, पास झाल्यावर काढा, सगळे तेच करतात. घरी येऊन दादाचं गॅरेज उपसलं. मूळ टर्बो नाही, सायलेन्सर नाही. फळीवर तुम्ही दिलेला पान्यांचा डबा तेवढा आहे. दादा इतका बेफिकीर कसा हो?

मी तर किती जपून नेली होती! शेजारच्या होसोदाआजींना आवाजाचा त्रास नको म्हणून गल्लीभर ढकलत नेली. केंद्र दहा मिनिटांवर, आणि तिथे रांगेत पाटीप्रमाणे इंजिन बंद ठेवलं.

औषध वेळेवर घ्या. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची मियोको

कुरायोशी, ७ ऑक्टोबर

चि. मियोकोला अ. उ. आ.

शब्द तुझा आहे, तू पाळशीलच. मीच ताकुरोला बजावलं होतं, की तपासणीला एक सामान आणि एरवी दुसरं, असली लबाडी माझ्या दारात आणायची नाही. पुढे सहा वर्षं तो आला नाही, मीही बोलावलं नाही. मग तो गेलाच.

पण चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या म्हणून सांगतो. थंड इंजिन घेऊन कोणी धुराची परीक्षा देतं का, वेडाबाई? धूर स्वच्छ करणारा डबा तापल्याशिवाय कामच करत नाही. अगदी आईवर गेलीस, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून शिंकसुद्धा दाबणारी! अर्धा तास हमरस्त्यावर पळव, रांगेत बंद करू नकोस. कोणी डोळे वटारले तर माफी माग. पास होणार नाहीच, पण नापास तरी नीट हो.

नाशपाती पाठवतोय. पत्रं पाठवत राहा, मला तेवढाच विरंगुळा.

तुझा बाबा

ओकायामा, १५ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पास झाली! मागच्या गाडीवाल्याची तीनदा वाकून माफी मागितली. आकडा शून्य पूर्णांक शून्य चार. तपासणाऱ्यांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, हे इंजिन बांधलं कोणी? माझा भाऊ, मी म्हणाले, आणि तिथेच रडू कोसळलं.

बाबा, फळी रिकामी का, ते आता कळलं. पान्यांच्या डब्यात पावती सापडली. मूळ सामान दादाने पहिल्याच वर्षी विकून टाकलं होतं. तुम्ही बोललात, त्यानंतर आठ दिवसांनी. दर तपासणीला त्याने गाडी अशीच नेली असणार. लबाडीची सोयच त्याने ठेवली नव्हती.

तपासणीचा कागद सोबत आहे. जपा, आणि मलाही तुमच्या मायेत जपा.

तुमची मियोको

कुरायोशी, १९ ऑक्टोबर

चि. मियोकोला अ. उ. आ.

कागद देवघरात ताकुरोच्या फोटोपुढे ठेवला. मी चुकलो. हे त्याला सांगायला हवं होतं. तुला लिहून काय होणार, तरी लिहितो.

रविवारी गाडी घेऊन ये. फाटकाशी आलीस की इंजिन बंद करू नकोस. आवाजाबद्दल शेजारी घरोघर मिठाई देऊन मी आधीच माफी मागून आलोय. माझे कान आता गेलेत, म्हणून बॉनेटवर हात ठेवून उभा राहीन. मी हात काढेपर्यंत चालू राहू दे.

वाट पाहणारा,
बाबा