युक्ताईची बारावी भक्तीण

आये,

तू चोरी का केलीस ते मला परवा कळलं. सातपाटीला एका हळदीला गेले होते, तिथं मांडवात खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल दूध उतू गेलं ते शेजारणीने येऊन सांगितलं, मी ओट्याशीच उभी होते. तू जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुझ्याबद्दल मनात जे काही पक्कं करून ठेवलं होतं ते एका म्हातारीने चहा पिता पिता मोडून टाकलं. ही म्हातारी म्हणजे कंपनीत तुझ्या शेजारी बसायची ती उंच बाई, मिसरी लावणारी. तिने मला नाकावरून ओळखलं. ती काय म्हणाली ते सांगते, पण आधी खेळाचं सांगायला हवं. सगळं तिथून सुरू झालं, आणि ते तुला-मला सोडून कोणालाच नीट ठाऊक नाही.

मी नववीत होते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घर तुझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं. बोईसरच्या कारखान्यांत, एका औषधांच्या कंपनीत तू बाटल्यांना लेबलं चिकटवायचीस. शाळेतली माझी मैत्रीण तुमच्याच सुपरवायझरची मुलगी. तिचा मामा जहाजावर होता आणि त्याने कुठल्या तरी बंदरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि पिशवीभर विचित्र फासे आणले होते, एकाला आठ बाजू, एकाला वीस. त्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी म्हणायचं मी दार फोडतो, कोणी म्हणायचं मी पळतो, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. इंग्रजी निम्मंच कळायचं, उरलेलं मी ठोकून द्यायचे, म्हणून गोष्ट सांगणारी कायम मीच. पुस्तकात देव होते, युद्धाचा, समुद्राचा, मरणाचा, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचे भक्त कोण, ते शपथ कसली घेतात, त्यांना वर्ज्य काय, असं सगळं बारीक अक्षरात. नवनव्या वस्तू शोधून काढणाऱ्यांना मात्र देवच नव्हता. मला तो अन्याय वाटला आणि मी एक देवी केली. युक्ताई. मग दोनशे पानी वही घेऊन तिचे भक्त लिहायला बसले.

अकरा भक्त झाले. पितळी हाताचा जादूगार, उडणारी होडी बांधणारा आंधळा सुतार, वीज बाटलीत भरणारी राजकन्या, सगळे असेच. रविवार आहे, तू कोलंबी सोलत बसली आहेस, स्टोव्हवर भात रटरटतो आहे आणि मी उंबऱ्यावर बसून एकेक भक्त वाचून दाखवते आहे. तू अकराच्या अकरा ऐकून घेतेस आणि विचारतेस, "यातला कामाला कोन जातो गो?" मी म्हणते, ते भक्त आहेत, ते शोध लावतात. "लावू दे की. पन जेवतात कशावर?" मला राग येतो. तुझी चांगली जिरवावी म्हणून मी म्हणते, समज तू भक्तीण आहेस, समोर नदी आहे, पूल नाही, मागून राक्षस येतोय, काय करशील? तू हातातली कोलंबी न सोडता विचारतेस, "भरती कदी हाय?" नदीला भरती नसते, मी सांगते. "मंग ती कसली नदी. ओहोटी लागली का चालत जायचं. राक्षसाला पोवता येतं का ते बग तुझ्या वहीत." मी फासा टाकला, वीस पडले, म्हणजे सगळ्यात मोठं दान. तू सुटलीस. मला हसूही आलं आणि तुझा हेवाही वाटला, कारण माझ्या अकरा भक्तांपैकी एकालाही एवढी अक्कल नव्हती.

म्हणून बारावी भक्तीण तू झालीस. तुझं नाव नाही घातलं, 'लेबलवाली' असं लिहिलं. जादूगारांच्या औषधांना लेबलं लावणारी, कारण चुकीचं लेबल लागलं तर राजा मरतो. तू खूश झालीस, मला दोनदा वाचायला लावलंस. मग तिची शपथ काय ते विचारलंस. मी वाचलं: दर अमावास्येच्या आत युक्ताईच्या भक्ताने एक तरी नवी युक्ती करायची, आणि आपल्या हाताने केलेली वस्तू खूण म्हणून तिच्यापुढे ठेवायची. "अमावास्या मंगळवारी हाय," तू म्हणालीस. मी हसले. खेळातली अमावास्या वेगळी, मी सांगीन तेव्हा ती येते. तुला ते पटलं नाही. "देवीला बोललं मंग करायला लागतं. कागदावरची झाली म्हणून काय झालं?" तुमच्या माहेरी होडीपुढे नारळ बोलला की काही झालं तरी तो फोडायचाच, त्यातली तू. मला वाटलं माझी गंमत करतेस.

मंगळवारच्या आत तू तो साचा केलास. मोडक्या पाटाचा तुकडा, त्यात बाटली आडवी बसेल अशी खोबण, आणि खाली पत्र्याची वाकवलेली पट्टी, म्हणजे बाटली नुसती फिरवली की लेबल सरळच बसणार. कंपनीत नेलास, आणि दोघींचं काम एकीच्या हातून व्हायला लागलं. सुपरवायझरनी वर्कशॉपमधून पितळी पट्टीचे सहा साचे करून घेतले. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाल्यावर तुला सगळ्यांसमोर भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी वहीत तुझ्या पानावर मोठी चांदणी काढली. दिवाळी झाली आणि त्या टेबलावरच्या पाच बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्या दिवशी तू घरी आलीस ती चप्पल न काढता तशीच कॉटवर बसलीस. "तुझ्या देवीनं पाच बाया घरी बसवल्या," म्हणालीस. मी म्हटलं, "देवी कुठे आहे गं, खेळ आहे तो." "खेळ हाय ते मला बी माईत हाय. तरी तिला सांग." काय सांगायचं ते बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या. त्या पाचजणी तोवर मासळी वाळवून, विकून कशाबशा निभावत होत्या, आता तेही थांबलं. एका संध्याकाळी तू पदराला हात पुसत माझ्याजवळ आलीस. "तुझ्या वहीत, केलेली युक्ती भक्तानं मोडली तर चालतं का?" मी गणितं सोडवत होते. मान वर न करता नियम सांगितला, आणि तोही तिथल्या तिथे बनवलेला: नाही, मोडली तर देवी कोपते आणि भक्ताला काढून टाकते. "बरं," म्हणालीस आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला गेलीस. आये, तू परवानगी मागत होतीस. पंधरा वर्षांच्या शहाणीकडे तू परवानगी मागितलीस, मी दिली नाही, आणि तू तरीही केलंस. मला हे समजायला आयुष्य गेलं.

श्रावणात सुक्या बोंबलांच्या डब्यात, तळाशी, कागदात गुंडाळलेल्या नऊ पितळी पट्ट्या मला सापडल्या. मी काय समजले सांगू? मला वाटलं तू युक्ताईसाठी खुणा जमवते आहेस आणि एक दिवस मला चकित करणार आहेस. इतकी मी मूर्ख होते. त्यातली एक उचलली आणि रविवारी मैत्रिणीच्या घरी खेळायला घेऊन गेले. त्यांच्या सनमायकाच्या टेबलावर मधोमध ठेवली, लेबलवालीची खूण म्हणून. तिचे वडील, तुमचे सुपरवायझर, पाणी प्यायला आत आले. त्यांनी पट्टी उचलली, उलटी केली, अंगठ्याने पुसली. "हे कुठलं गं?" मी छाती काढून सांगितलं, माझ्या आईने शोध लावलाय, त्यातलं आहे. "हुशार आहे तुझी आई. अजून आहेत का घरी?" "डब्यात आहेत, पुष्कळ," मी म्हणाले. ते हसले, आम्हाला बिस्किटं द्यायला सांगितली आणि पट्टी होती तिथे ठेवून बाहेर गेले. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी शिफ्ट सुटताना गेटवर झडती घेणाऱ्या बाईने तुझा अंबाडा सोडला. सगळी कंपनी बघत होती. दहावी पट्टी अंबाड्यात होती. नोकरी गेली, आणि चाळ म्हणाली, पितळ भंगारात विकत होती. मीही तेच मानलं. मी तुला विचारलं, "कंपनीची वस्तू घरी आणायची काय गरज होती?" तू म्हणालीस, "नवती." एवढंच. तुझ्या त्या एका शब्दावर मी किती वर्षं राग धरला. तू सातपाटीहून पाटी आणून बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसलीस, आणि शाळा सुटली की मी बाजाराच्या पलीकडच्या अंगाने घरी यायचे, कोणी बघू नये म्हणून. मैत्रिणीच्या घरचा खेळ बंद झाला. मी वही काढून बाराव्या भक्तिणीच्या पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, देवीने काढून टाकली. पुढे मी शिकायला बाहेर गेले, नोकरीला लागले, आणि तू आजारी पडलीस तेव्हा सुट्टी नाही म्हणून दोन दिवस उशिरा आले. सुट्टी होती. हेही लिहून टाकते.

आता परवाचं. ती उंच बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझी आय होती म्हनून त्या पावसात माझी चूल पेटली गो." मी विचारलं, ते कसं? "दर चार दिवसानी ती एक पट्टी काडायची. पट्टी नाय तर साचा चालत नाय. नवी करून येयपरत माल अडायचा, मंग आमा पाचजणींना रोजावर बोलवायचे." मी विचारलं, "आणि विकायची ना ती पट्ट्या?" ती हसलीच. "काय इकायची? बोटाएवडी पट्टी. तुला नाय सांगितलं तिनं?" हळदीची गाणी चालली होती, आणि कोणीतरी माझ्या गालाला हळद लावून गेलं. मला रडूसुद्धा आलं नाही. कोणीतरी कानफटात मारावी आणि का मारली ते तीस वर्षांनी सांगावं, तशी मी बसून होते.

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. "आनि ती गेटवरची," ती म्हणाली, "तिनंच चुगली केली." गेटवर बायकांची झडती घेणारी ती बाई तुला आठवत असेल, डोंगरातल्या गावातून आलेली, इथं खोली घेऊन एकटी राहायची. सुपरवायझरनी सांगितलं म्हणून अंबाडा तिनेच सोडला होता. बायकांनी ठरवून टाकलं की सांगितलंही तिनेच. तिच्याशी बोलणं टाकलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून कोणी डबा उघडेना. वर्षभरात ती काम सोडून गावी गेली. "तुझी आय तेवडी बोलायची तिच्याशी. बाजारात, सगळ्यांच्या समोर, तिला वाटाभर मासळी द्यायची. आमी म्हटलं, असं कसं गो? तर म्हनायची, ती नाय, ती नाय. मंग कोन ते सांग म्हटलं का गप."

म्हणजे तुला ठाऊक होतं. नऊच्या आठ झाल्या, आणि आपल्या घरात बोंबलांच्या डब्याला हात लावणारं दुसरं होतं कोण? तुला ठाऊक होतं आणि तू माझ्या ताटात भाकरी वाढत राहिलीस. मी बाजाराच्या पलीकडून मान खाली घालून जायचे तेही तुला दिसत असणार. एकदाही हाक मारली नाहीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहिते. म्हातारीने कप खाली ठेवला, पदराने ओठ टिपले. ती गेटवरची बाई अजून आहे म्हणाली, मनोरच्या अलीकडे लेकीकडे राहते, बाजाराला आली तरी कोणी तिला ओळख देत नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "तिनंच सांगितलं ना गो? तू शिकलेली, तुला काय वाटतं?" आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणाले, "असेल."